मुखवट्याचं कापड

महाखलनायक वज्रासुरानं मला, शहराच्या तारणहाराला, पाण्याच्या टाकीवरून एका हातानं लटकवलं होतं. दुसऱ्या हातानं तो माझा मुखवटा ओढणार, इतक्यात थबकला.

"हे कापड कुठलं रे?"

"आईच्या जुन्या साडीचं."

"निळ्यावर पिवळ्या कोयऱ्या! चौथीत दातार बाई हीच नेसायच्या." त्यानं मला अलगद वर घेतलं. "बाईंना ठाऊक आहे, तू हे उद्योग करतोस?"

"नाही हो. तिला वाटतं, मी बँकेत आहे."

छातीवरची कवटी हातानं झाकत त्यानं विचारलं, "बाई कधी प्रफुल्ल घोडकेची आठवण काढतात?"

"काढते की. म्हणते, पोरगं गुणी होतं, आता कुठं असेल?"

त्याची मान खाली गेली.

मुखवटा सारखा करत मी म्हणालो, "सांगतो तिला, माझ्याच बँकेत आहात."