तिसरी शिट्टी

माझ्या नवऱ्याचं, सत्यजितचं, सगळं मोजूनमापून. ऑफिसातून निघून गाडीत बसला की त्याचा मेसेज येतो, मी कुकर लावते, आणि तिसऱ्या शिट्टीला तो दारात. इथल्या, टोकियोच्या, लोकल गाड्यांना आणि ह्याला उशीर म्हणून माहीत नाही.

आमच्या लेकीचा, मुक्ताचा, चित्रांचा क्लास बंद करून तिला कोडिंगला घालायचं त्याने परस्पर ठरवलं, तेव्हा मी त्याच्यापुढे एक जुनी इंग्रजी कादंबरी आपटली. राणी व्हिक्टोरियाच्या काळातली. त्यातला बाप मुलांना फक्त आकडे शिकवतो. गोष्टी, चित्रं, सगळं बंद.

"बरोबरच आहे त्याचं," सत्यजित म्हणाला. "शेवट काय होतो, तेवढं सांग."

"स्वतः वाच. बाप बरोबर निघाला, तर क्लास बंद."

"सिद्धच करून दाखवतो," म्हणत त्याने पुस्तक बॅगेत टाकलं.

आज तिसरी शिट्टी झाली, कुकर गार झाला, तरी ह्याचा पत्ता नाही. मग फोन आला.

"अगं, मी निशी-फुनाबाशीला आहे, पार शेवटच्या स्टेशनला. आपलं स्टेशन कधी गेलं, कळलंच नाही."

"झोप लागली?"

"नाही गं, तुझं पुस्तक वाचत होतो. त्या बापाची ती पोरगी..." त्याचा आवाज जड झाला होता.

"अरे, पुढे तर तो बाप स्वतःच..."

"स्वरूपा, शेवट सांगू नकोस!"

मी फोन ठेवला आणि आतल्या खोलीकडे बघून ओरडले, "मुक्ता, रंग काढ गं तुझे!"