चालचलन उत्तम

पुंजाराम पाटलानं दाखल्यावर शिक्का उमटवला आणि मच्छिंद्र गुणी झाला.

कालपर्यंत तो गुणी नव्हता. गावच्या सात विहिरींवरच्या मोटारी त्यानं लांबवल्या होत्या, दोघांची डोकी फोडली होती. पिंपळगावच्या बाजारात तो दिसला की दुकानदार वजनमापं आत घ्यायचे. पोलीस पाटील म्हणून पुंजारामानं त्याला भोकरदनच्या ठाण्यात नेऊन उभा करायला हवा होता. पण सातातली एक मोटार पाटलाच्याच विहिरीवर पाणी ओढत होती, तेव्हा चौकशी वाढवण्यात शहाणपण नव्हतं. अशात जालन्याला लष्कराची भरती निघाली. शहाण्णव सालची गोष्ट. भरतीला पाटलाचा चारित्र्याचा दाखला लागायचा. पाटलानं हात राखला नाही. ‘सालस, आज्ञाधारक, दुसऱ्याच्या काडीलाही हात न लावणारा. चालचलन उत्तम.’

मच्छिंद्र मैदानावर पहिला आला. लोकांच्या पुढं पळायची त्याला सवयच होती. गावानं त्याला वाजतगाजत फाट्यापर्यंत पोचवलं. बाया डोळे पुसत होत्या. पाटलाला वाटलं, देशसेवा म्हणतात ती हीच. देशाला जवान मिळाला आणि गावाला झोप.

औषध लागू पडलं, म्हणून पाटलानं ते चालूच ठेवलं. पुढच्या साली आईला मारणारा बद्रीनाथ गेला. त्याच्या पुढच्या साली पोरींच्या वाटेवर बसून राहणारा कारभारी. दोघंही दाखल्यावर संत निघाले.

खरं जायचं होतं ते महेमूदला. रोज पहाटे तो धावड्याच्या रस्त्यानं पाच मैल पळायचा. पण गावात कुणाचीही मोटार बिघडली तर तोच दुरुस्त करायचा, आणि पाटलाची तर फुकट. असं पोरगं हातचं कोण सोडतं? पहिल्या साली पाटलानं शिक्का हरवल्याचं सांगितलं. दुसऱ्या साली शाई वाळली होती. तिसऱ्या साली तो म्हणाला, घाई कसली, पुढच्या वेळी बघू. तोवर महेमूदचं वय उलटून गेलं. पाटलाला खरोखर वाईट वाटलं. त्यानं पोराला घरी बोलावून चहा पाजला, आणि चहा झाल्यावर बंद पडलेला स्टार्टर पुढ्यात ठेवला.

नव्याण्णवच्या उन्हाळ्यात सीमेवर लढाई पेटली. एके सकाळी भरतीवाल्या सुभेदारसाहेबांची जीप ग्रामपंचायतीपुढं येऊन थांबली. गाव गोळा झालं. साहेब म्हणाले, जवान कमी पडताहेत. भरतीला पोरं हजारानं येतात, पण या गावासारखे दाखले त्यांनी अख्ख्या जिल्ह्यात वाचले नव्हते. तीन पोरं दिली, तिन्ही हिरे. असे गुणी अजून किती आहेत ते सांगा, तेवढे सगळे पाहिजेत.

एकेक करून सगळ्यांच्या नजरा पाटलाकडं वळल्या. पाटलानं टोपी सारखी केली. आपल्यावाचून या गावाचं पान हलत नाही, हे त्याला ठाऊकच होतं. शेजारच्या रानातल्या चतुराबाईचा बांधसुद्धा दर पेरणीला नांगराची दोन तासं तिच्या बाजूला तोच सरकवायचा. म्हातारीला एवढं रान झेपत नव्हतं. तो घसा खाकरून बोलणार, तेवढ्यात मागं महेमूद उठून उभा राहिला.

“साहेब, वयाची अट जराशी ढिली व्हईल का?”

पाटलाला त्याची दया आली. बिचारं पोरगं अजून आशा धरून होतं. सुभेदारांनाही आली असावी. लढाईचे दिवस आहेत, ते म्हणाले, वर शब्द टाकून बघता येईल. त्यांनी खिशातून वही काढली.

“तुझं किती उलटलंय?”

“मह्यासाठी न्हाई, साहेब.” महेमूदनं अदबीनं पाटलाकडं हात केला. चतुराबाईची मान आधीच होकारात हलायला लागली होती. “ह्या आमच्या पाटलासाठी. यांच्याइतकं गुणी माणूस साऱ्या गावात न्हाई.”