मांडीवरची शाल

न्यूझीलंडमधल्या जॉन्सनव्हिलच्या घरात दिनकरराव संतापले होते. सोशल नेटवर्कने परस्पर सेटिंग बदललं आणि त्यांच्या दिवंगत बायकोचा, श्यामलाचा, किमोने केस गेल्यानंतरचा फोटो सगळ्या नातेवाइकांना दिसला. "हा कुणाला दाखवू नका हं," असं तिने बजावलं होतं.

"स्वीट ॲज, बाबा, सगळं ठीक! केलं परत 'फक्त मी'," मुलगा गंधार तिथल्या बोलीत म्हणाला.

"कसलं स्वीट? मेल्यांनी तिला चव्हाट्यावर आणलं!"

खात्री करायला त्यांनी फोटो उघडला. त्यात श्यामला हसत असे, मांडीवर शाल असे. आता ती हसत नव्हती. शाल तिने डोक्यावरून घेतली होती.

"गंधार, हा आता कुणाकुणाला दिसतो?"

"फक्त तुम्हाला."

त्यांच्या डोळ्यांदेखत श्यामलाने शाल तोंडावर ओढून घेतली.