चौऱ्याहत्तर नंबरचा सत्कार

मैदानाकडे जाणाऱ्या बोगद्यात व्हर्डेल नवऱ्याच्या कोटाची बटणं लावत होती. अलॉन्झोला ती आता लावता येत नसत. अमेरिकन फुटबॉलमध्ये, कॉलेजात चार आणि व्यावसायिक संघात सहा वर्षं, ज्या हातांनी त्याने धिप्पाड माणसं आडवी पाडली, ते हात आता चमच्याशीही झगडत.

"हसायचं, हात हलवायचा आणि परत यायचं," ती म्हणाली. "भाषण नको. डोकं दुखायला लागलं तर माझा हात दाब."

"थांबलंय कधी दुखायचं?"

सामन्याच्या मध्यंतराचा बँड थांबला. दोघं मैदानात आली, तसं शनिवार दुपारचं ते खच्चून भरलेलं स्टेडियम उठून उभं राहिलं. त्याचे कॉलेजातले कोच हॅन्ली आता ऐंशीचे झाले होते. त्यांनी अलॉन्झोला मिठी मारली आणि माइकवर जाहीर केलं, की अलॉन्झोच्या मानार्थ त्याची चौऱ्याहत्तर नंबरची जर्सी यापुढे कुणालाही मिळणार नाही. टाळ्या थांबेनात.

मग मोठ्या पडद्यावर त्याच्या कॉलेजच्या दिवसांतली ती टक्कर दाखवली. अलाबामात सगळ्यांना पाठ असलेली. दोन हेल्मेटं एकमेकांवर आदळली. चौऱ्याहत्तर नंबरचा पोरगा, तेव्हाचा अलॉन्झो, उताणा पडला. त्याचा एक हात तसाच हवेत ताठ राहिला. दोघांनी त्याला धरून उठवलं, बाकापर्यंत नेलं.

"आता मजा ऐका," कोच म्हणाले. "हा बाकावर येऊन मला म्हणतो, कोच, सगळं दोन-दोन दिसतंय! मी म्हटलं, मग दोघांनाही पाड की! आणि गड्याने पाडलं!"

स्टेडियम हसलं.

व्हर्डेल हसली नाही. त्याच्या डोक्याला मार बसलाय हे तेव्हा कुणाला कळलंच नव्हतं, असंच विद्यापीठाचे लोक तिला इतकी वर्षं सांगत आले होते.

"तू सांगितलं होतंस यांना?" तिने हळूच विचारलं.

"बाकावर बसल्या बसल्या सांगितलं," अलॉन्झो म्हणाला. "ओकतही होतो."

"ये वाघा, दोन शब्द बोल," कोच म्हणाले.

व्हर्डेल पुढे झाली. कोचच्या हातातून माइक जवळजवळ ओढूनच घेतला आणि नवऱ्याच्या मुठीत दिला. माइक थरथरू नये म्हणून तिने वरून आपली मूठ घट्ट आवळली.

"बोल."

पडद्यावर तीच दृश्यं पुन्हा सुरू झाली होती. तो पोरगा पुन्हा बाकावर डोकं धरून बसला होता. शेजारी तरुण हॅन्ली ओरडत होते. पोरगा उठायला लागला.

"बस खाली," अलॉन्झो म्हणाला.

तो पडद्यावरच्या पोराकडे बघत होता.

"बस खाली, पोरा! त्याचं ऐकू नकोस! बस म्हणतो ना खाली!"

त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. कोच माइक घ्यायला पुढे सरसावले. व्हर्डेल मध्ये आली.

"हात लावायचा नाही त्याला," ती म्हणाली. "आज तुम्ही ऐकायचं."

उभी असलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली. आधी पुढच्या रांगेतली एक बाई बसली. मग तिच्या मागची रांग. मग सगळा पूर्वेकडचा भाग. हळूहळू अख्खं स्टेडियम खाली बसलं.

पडद्यावरच्या पोराने हेल्मेट चढवलं आणि तो मैदानात धावत सुटला.