पहिल्या इमारतीतली जागा

"यातली माझी खोली कुठली?" मुलाने विचारलं, आणि मॅनेजरबाईंनी मनातल्या मनात कपाळाला हात लावला.

राहायला येणार म्हातारी आई. अर्जाचा कागदसुद्धा अजून टेबलावर आला नव्हता. आणि चिरंजीव आतापासूनच स्वतःच्या मुक्कामाची सोय बघत होते! पण बाईंनी चेहऱ्यावरचं हसू ढळू दिलं नाही. "साहेब, भेटायला येणाऱ्यांसाठी खाली पाहुण्यांच्या खोल्या आहेत. आधी कळवलं की मिळतात."

मुलगा गोंधळून आईकडे बघू लागला. आई खिडकीच्या पडद्याची शिवण बोटांनी चाचपत होती. "सांगते हं नंतर," ती म्हणाली.

वृद्धांच्या या वसाहतीत मॅनेजरबाईंना नऊ वर्षं झाली होती. दारातून आलेलं कुटुंब आपण पाच मिनिटांत ओळखतो, असं त्या छातीठोकपणे सांगत. डोळे पुसणाऱ्या मुली त्यांनी पाहिल्या होत्या, सारखं घड्याळ बघणारे जावई पाहिले होते. हा मुलगा त्यांना पहिल्या मिनिटालाच कळला. चांगला पिकल्या केसांचा, कडक इस्त्रीच्या कपड्यांतला माणूस, पण नजर वर करत नव्हता. आईची पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा. काहीही विचारलं की एकच उत्तर : "आईला विचारा." वा रे पठ्ठ्या, बाईंना वाटलं. आईला इथे आणून सोडायचं, आणि वर निर्णयही तिच्याच गळ्यात मारायचा.

म्हातारी मात्र त्यांना भलतीच आवडली. त्र्याऐंशी वर्षांची, पण पाठ ताठ. चाळीस वर्षं शाळांचे गणवेश शिवून एकटीने दुकान चालवलेलं. लिफ्ट असताना ती जिन्याने वर आली होती, आणि धाप मॅनेजरबाईंना लागली होती.

"मावशी, आपल्याकडे तीन इमारती," बाईंनी समजावलं. "ही पहिली. इथे आपलं घर, आपलं कुलूप, आपला चहा. पुढे अंघोळीला, औषधाला मदत लागायला लागली की दुसरी. आणि अंथरूणच धरलं तर तिसरी, तिथे चोवीस तास नर्स. पण हे आवार सोडायचं नाही. एकदा आलात की शेवटपर्यंत आमच्या."

"दुसरीत गेल्यावर माणसं बदलतात का?"

"कुठली माणसं?"

"हाताखालची हो. केस विंचरणारं, नखं कापणारं. ओळखीचा चेहरा राहतो की नवा येतो?"

लोक बाल्कनीचं विचारत, गाडी कुठे लावायची ते विचारत. हे नऊ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. "राहतो," बाई म्हणाल्या. "पहिल्या दिवशी जी सेविका नेमतो, तीच पुढेही येते."

"बरं. आणि अंधाराची भीती वाटली तर दिवा चालू ठेवू देतात?"

जिने धडाधड चढणाऱ्या बाईला अंधाराची भीती! मॅनेजरबाईंना भरून आलं. "ठेवा की मावशी. कोण अडवणार तुम्हाला?"

"आणि दोघांतलं एक गेलं, तर मागे राहिलेल्याला घर सोडायला लावत नाहीत ना?"

आता मात्र बाई चपापल्या. नवरा तीस वर्षांपूर्वीच वारल्याचं म्हातारीने स्वतः खालीच सांगितलं होतं. मग दोघं कुठली? वय झालं की असं व्हायचंच. तपासणीच्या वेळी स्मरणशक्तीचं डॉक्टरांच्या कानावर घालायचं, असं त्यांनी ठरवलं.

ऑफिसात आल्यावरही मुलाने "आईला विचारा" एवढंच म्हटलं, तेव्हा बाईंना राहवलं नाही. "साहेब, लहान तोंडी मोठा घास घेते. आईला इथे ठेवून घरी जाणं सोपं असतं. पण नंतर तोंड फिरवू नका. दर आठवड्याला येत जा."

मुलाचा चेहरा पार उतरला. त्याने आईचा हात घट्ट धरला. "आई, मी घरी नाही जाणार. तू म्हणालीस ना, दोघांनी राहायचंय?"

"हो रे राजा. दोघांनीच राहायचंय." आईने त्याचा हात थोपटला, पिशवीतून दोन भरलेले अर्ज काढले आणि वरचा बाईंपुढे सरकवला. अर्जदाराचं नाव मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलेलं होतं. ते तिचं नव्हतं.

मॅनेजरबाई एकदा अर्जाकडे बघत होत्या, एकदा त्या पिकल्या केसांच्या माणसाकडे. आपण इतक्या आंधळ्या कशा, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"मनाने तो आठ वर्षांचाच राहिला," आई म्हणाली. आवाजात रडगाणं नव्हतं; गिऱ्हाइकाला कापड दाखवावं तसं ती सांगत होती. "माझ्या माघारी त्याला परक्यांत नेऊन टाकलेलं मला चालणार नाही. मी असतानाच त्याला इथल्या माणसांची सवय व्हायला हवी. मला तर अकरा वर्षांपूर्वीच जागा मिळत होती. पण त्याच्यासाठी तुमचे दोन नियम आडवे आले. येणाऱ्याला आपली अंघोळ, आपले कपडे आपल्या हाताने करता यायला हवेत. आणि वय साठ पूर्ण हवं."

"मग?" बाईंनी हळूच विचारलं.

"अंघोळ आणि बटणं त्याने चार वर्षांत शिकून घेतली," आई म्हणाली. "साठ पूर्ण व्हायला मात्र आज सकाळपर्यंत थांबावं लागलं."