पट्टी काळी हवी

"अवजारांच्या गाठोड्यावरची पट्टी काळी नाही झालेली, सर," मावशी म्हणाल्या.

ऑपरेशनच्या टेबलावर आडवी पडलेली बाई कान टवकारून ऐकू लागली. तिचं गर्भाशय आज काढायचं होतं. भूल अजून दिली नव्हती. चष्मा बाहेर बहिणीकडे राहिला होता, त्यामुळे तिला सगळंच धूसर. डॉक्टर म्हणजे एक उंच हिरवा ठिपका आणि मावशी म्हणजे एक बुटका.

"काळीच आहे की," उंच ठिपका वैतागला. "मला बाराला दुसरीकडे पोचायचंय."

"तपकिरी आहे. वाफ आतवर पोचली की ती कोळशासारखी होते. ही अवजारं कच्ची आहेत, जंतू मेले नसणार."

"मावशी, मला शिकवू नका. उघडा ते गाठोडं."

बाईच्या थोरल्या जाऊबाईंचं हेच ऑपरेशन झालं होतं. टाके पिकले आणि त्या तीन महिने अंथरुणाला खिळल्या. पण एवढ्या मोठ्या डॉक्टरांपुढे मावशींची काय डाळ शिजणार?

तेवढ्यात खणखणाट झाला. गाठोडं फरशीवर आपटून सुटलं आणि कात्र्या, चिमटे वाट फुटेल तिकडे पळाले.

"निसटलं हातातून?"

"नाही सर. सोडलं. आता कुणी उघडा म्हणणार नाही."

गेली हिची नोकरी, बाईला वाटलं. आणि त्याच वेळी उठून त्या बुटक्या ठिपक्याचे पाय धरावेसेही वाटले.

"किती वेळ लागेल?" डॉक्टरांनी शेवटी विचारलं.

"धुऊन, बांधून, वाफ देऊन तासभर."

"तिकडे फोन करा, उशीर होईल म्हणावं," डॉक्टर नर्सला म्हणाले आणि मुकाट्यानं स्टुलावर बसले. मावशी गुडघ्यांना शिव्या देत खाली वाकल्या आणि एकेक चिमटा गोळा करू लागल्या.

तासाभरानं त्या गाठोडं घेऊन आल्या, तेव्हा डॉक्टर हात धुऊन उभे होते.

"मावशी, करू सुरुवात?"

"मला काय विचारता? पोट यांचं आहे." मावशींनी गाठोड्यावरची पट्टी बाईच्या डोळ्यांसमोर धरली. "बघा हो ताई, झाली का काळी?"

बाईनं डोळे बारीक केले. पट्टी काही दिसेना. तिच्यामागचा बुटका हिरवा ठिपका तेवढा दिसत होता.

"काळीकुट्ट," ती म्हणाली.