बाळगोळी

रडणं भिंतीपलीकडून येत होतं. सुगंधाचे हात बाटल्यांना लेबलं चिकटवत होते आणि कान केव्हाच उठून पलीकडे जाऊन बसले होते. खोकल्याच्या औषधाचा गोड, जड वास हॉलभर दाटला होता. उंच खिडक्यांतून उतरलेल्या उन्हात तपकिरी बाटल्या चमकत, संथ पुढे सरकत होत्या, आणि त्या चमकण्यातच ते रडणं विरघळल्यासारखं झालं होतं. आठ महिन्यांच्या आपल्या जयंतीचा आवाज एवढा मोठा आहे, हे तिला आजच कळत होतं.

घाटकोपरच्या त्या कारखान्यात पन्नासाहून जास्त बाया कामाला होत्या, म्हणून नव्या कायद्याने मालकाला पाळणाघर उघडावं लागलं. त्याने नाक मुरडत का होईना, दहा पाळणे टांगले, भिंतींना निळा रंग दिला आणि कुंदाबाई नावाची नर्स ठेवली. पहिले पंधरा दिवस जयंती सगळ्यांत गुणाची ठरली. पाळण्यात ठेवली की संध्याकाळपर्यंत हूं नाही की चूं नाही. "नशीबवान गं तू!" बाकीच्या बाया म्हणत. सुगंधालाही ते खरं वाटे.

काल कुंदाबाईंनी तिला बाजूला घेतलं. "ही झोप नाही, सुगंधा. गुंगी आहे. काय देतेस हिला?"

सुगंधाने लपवलं नाही. त्यात लपवण्यासारखं काही आहे, हेच तिला ठाऊक नव्हतं. गिरणीत जाणाऱ्या बायांची ती जुनी रीत. सकाळी मोहरीएवढी बाळगोळी दुधात उगाळायची, दिवेलागणीला आणखी एक. सुटीच्या दिवशीही द्यायची, सवय मोडू नये म्हणून. गोळीत अफू असे. पोरं झोपत, आया कामाला जात. सुगंधाच्या सासूने गिरणीत असताना चार मुलं अशीच वाढवली होती. चारांतली तीन जगली. चौथ्याचं नाव घरात कोणी काढत नसे.

"उद्यापासून गोळी दिलीस तर मी मूल घेणार नाही," कुंदाबाई म्हणाल्या.

इकडे आड, तिकडे विहीर. कारण तिचा नवरा लवू याच कारखान्यात खोकी ठोकत होता, आणि ही नोकरी धरतानाच त्याने बजावलं होतं, "पोरगी रडूक लागली, की तुझी नोकरी बंद." आणि नोकरी तर सुगंधाला जिवापाड आवडत होती. घरी ती लवूची बायको, सासूची सून. इथे फाटकावर तिच्या नावाचं कार्ड होतं. आज सकाळी सासूची पाठ वळताच तिने गोळी चुलीत टाकली आणि देवाचं नाव घेऊन निघाली.

देवाने काही मनावर घेतलं नाही. पोरीने नऊ वाजता जे तोंड उघडलं ते मिटेचना. दशरथ शिपाई दोनदा बोलवायला आला आणि दोनदा ती गेली. पाजलं, थोपटलं, पाठ फिरवली की पुन्हा तेच. तिसऱ्यांदा सुपरवायझर आडवा आला. "आता उठलीस तर उद्या येऊ नकोस."

सुगंधा बसून राहिली. तेवढ्यात हॉलच्या दारात कुंदाबाईच उभ्या राहिल्या. खांद्यावर लालबुंद झालेली जयंती. त्यांनी सुपरवायझरकडे पाहिलं, सुगंधाकडे पाहिलं, आणि दशरथला म्हणाल्या, "खोक्यांच्या खात्यातून लवूला बोलाव."

"बाप्याला? पाळणाघरात?" दशरथला हसूच फुटलं.

"मूल दोघांचं ना? मग हाक आईलाच का?"

बाई भलं करायला गेल्या आणि वाट लागली ती सुगंधाची. बाहेरच्या मोकळ्या आवारात चार हातोडे चालत, आणि त्यांतला लवूचा तिला नेमका ओळखू येई. दोन ठोके, मग थोडा दम, पुन्हा दोन ठोके. तो थांबला. मग पुरुषांचं हसणं उसळलं, त्यात कोणीतरी ओरडलं, "लवू, दूध पाजूक चललंस काय रे?" मग तेही ओसरलं.

थोड्या वेळाने रडणंही थांबलं.

एकाएकी सगळं इतकं शांत झालं की सुगंधाला आपण पाण्याखाली बसलो आहोत असं वाटू लागलं. बाटल्या तरंगत येत, तरंगत जात. ऊन खिडकीतून टेबलावर, टेबलावरून तिच्या हातांवर आलं. लवूने पोरीला उचललं आणि घरी नेलं, दुसरं काय! उद्यापासून आपणही घरी. एक लेबल उलटं लागलं, तेही तिने काढलं नाही.

जेवणाचा भोंगा होताच ती धावत सुटली. काय बोलायचं ते धावतानाच जुळवलं होतं. चुकलंच माझं, उद्यापासून गोळी देईन, दोन देईन, पण कामावरून काढू नका.

पाळणाघराच्या निळ्या भिंतीला टेकून लवू जमिनीवर मांडी घालून बसला होता. केसांत लाकडाचा भुसा. मांडीवर जयंती, टक्क जागी, दोन्ही मुठींनी बापाच्या मिशा ओढत होती आणि खिदळत होती.

सुगंधाने तोंड उघडलं, पण आधी बोलला तो लवू. वर न बघताच बोलला, आणि आवाज चक्क रागावलेला होता.

"गो, हिच्या गालाक खळी पडता! माका आजपर्यंत कोणीच कसा सांगूक नाय?"

सांगणार कोण? सुगंधाही ती खळी आज पहिल्यांदाच पाहत होती.